गाडीची किल्ली देण्याआधी

हप्ते थकलेल्या गाड्या ओढून नेणाऱ्यांना भिलाईत ‘सीझर’ म्हणतात. पॉवर हाउस, सुपेला, नेहरूनगर, जी. ई. रोडवर कुठेही ते नंबरप्लेट बघत उभे असतात. मोबाइलमधल्या यादीशी सीजी ०७ चा एखादा क्रमांक जुळला की गाडी बाजूला घ्यायला लावतात. पुढच्या काही मिनिटांत त्यांना दोन गोष्टी हव्या असतात : किल्ली, आणि एका छापील कागदावर सही. हप्ते भरणं शक्य नसल्यामुळे मी राजीखुशीने गाडी कंपनीच्या ताब्यात देत आहे, असा त्या कागदावरचा मजकूर असतो. उद्या तुम्ही पोलिसांत गेलात किंवा ग्राहक आयोगात गेलात, तर समोरचा वकील सर्वांत आधी हाच कागद पुढे करतो.

म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगतो. कर्ज फेडणं ही तुमची जबाबदारी आहे. गाडी ताब्यात घेण्याचा अधिकार करारानुसार कंपनीला असूही शकतो. पण ‘राजीखुशी’ तुमची आहे. ती दमदाटीखाली, रस्त्याच्या कडेला, न वाचता द्यायची नाही.

कायदा कोणाच्या बाजूने?

दोघांच्याही, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. एक समज असा की कोर्टाच्या हुकमाशिवाय गाडीला हातच लावता येत नाही. तो चूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ओरिक्स ऑटो फायनान्सच्या खटल्यात म्हटलं की, करारात ताबा घेण्याचं कलम असेल तर ताबा घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. २०२० च्या मॅग्मा फिनकॉर्पच्या निकालात तर भाडेखरेदी करारात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालक वित्त कंपनीच असते, हे पुन्हा स्पष्ट केलं. मात्र त्याच निकालात ताबा घेण्याआधी रीतसर नोटीस दिली नाही म्हणून कंपनीला १५ हजार रुपये भरायला लावले. रक्कम लहान आहे, पण नोटीस न देणं ही सेवेतली त्रुटी ठरली, ही बाब तुमच्या तक्रारीसाठी मोठी आहे.

दुसरा समज वसुलीवाले पसरवतात : हप्ता थकला की आम्ही काहीही करू शकतो. तोही तितकाच चूक. आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गुंड पाठवून गाड्या उचलण्याच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले आणि ताबा कायद्याने मान्य केलेल्या मार्गानेच घ्यावा असं बजावलं. २०११ मध्ये सिटीकॉर्प मारुती फायनान्सच्या खटल्यात हीच भूमिका कायम राहिली. पाटणा उच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये वसुली एजंटांकडून जबरदस्तीने गाड्या उचलून नेणं बेकायदेशीर ठरवलं आणि दोषी बँकांना व वित्त कंपन्यांना प्रत्येकी ५० हजारांचा दंड केला. भिलाईवर तो निकाल थेट बंधनकारक नाही, कारण आपलं उच्च न्यायालय बिलासपूरला. तरी वकील त्याचा आधार घेऊ शकतो.

थोडक्यात, शांतपणे, नोटीस देऊन, कराराप्रमाणे घेतलेला ताबा टिकतो. अडवून, धमकावून, ढकलून घेतलेला ताबा आव्हान देण्याजोगा असतो. तुमचं काम एवढंच की दोन्हींतला फरक कागदावर दिसेल अशी तजवीज करायची.

पहिला हप्ता चुकताच

गाडी खरी वाचते ती इथे, रस्त्यावर नाही. ठेकेदाराकडे काम करणाऱ्याचा पगार दोन महिने लांबतो, घरात आजारपण निघतं, ट्रेलरला भाडं मिळत नाही. माणूस लाजेपोटी कंपनीचे फोन घेणं बंद करतो. त्या गप्प राहण्याचा अर्थ कंपनीच्या वहीत ‘टाळाटाळ’ असा लागतो. बँकांच्या हिशोबात थकलेले ३० दिवस ही पहिली पायरी, ६० दिवस ही दुसरी, आणि ९० दिवस उलटले की खातं अनुत्पादक ठरतं. तोवर बोलणी सोपी असतात. त्यानंतर फाइल वसुलीच्या एजन्सीकडे जाण्याची शक्यता वाढते.

म्हणून पहिल्याच महिन्यात शाखेला लेखी पत्र द्या, ईमेल चालेल. हिंदीत लिहा, इंग्रजीत लिहा, भाषेची भीड नको. पत्रात हप्ता का थकला, पुढे किती आणि केव्हा भरू शकता, मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल का, आणि खात्याचा पूर्ण उतारा द्यावा, एवढं असू द्या. जे जमेल ते खात्यावर भरत राहा. अर्धा हप्ता भरला तरी हप्ता थकीतच दिसतो, पण तुमचा हेतू नोंदीत येतो आणि पुढे आयोगासमोर त्याला वजन असतं.

उतारा आला की दंडाच्या ओळी वाचा. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने दंडव्याज बंद केलं. आता फक्त दंडात्मक शुल्क लावता येतं, ते मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज आकारता येत नाही, आणि ते वाजवी असलं पाहिजे. नव्या कर्जांना हा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला आणि जुनी खाती त्यावर नेण्यासाठी ३० जून २०२४ पर्यंतची मुदत होती. उताऱ्यात शुल्कावर व्याज दिसलं तर लगेच लेखी तक्रार करा. या तक्रारीचा आणखी एक उपयोग आहे. रिझर्व्ह बँकेच्या २००८ च्या सूचनांनुसार कर्जदाराची तक्रार निकाली निघेपर्यंत बँकेने ते प्रकरण वसुली एजन्सीकडे सोपवू नये. अर्थात तक्रार खरी हवी. वेळ काढण्यासाठी केलेल्या खोट्या तक्रारीला हे संरक्षण नाही.

त्याच वेळी कराराची प्रत मागा. शोरूममध्ये वीस-पंचवीस पानांवर सह्या घेतल्या जातात आणि प्रत हातात येतच नाही, हे सर्रास घडतं. बिगरबँकिंग वित्त कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने घालून दिलेल्या आचारसंहितेनुसार ताब्याच्या कलमात सहा गोष्टी असायलाच हव्यात : ताब्याआधीच्या नोटिशीचा कालावधी, नोटीस कधी टाळता येईल, ताबा घेण्याची पद्धत, विक्रीपूर्वी कर्जदाराला द्यायची शेवटची संधी, पैसे भरल्यावर गाडी परत देण्याची पद्धत, आणि लिलावाची पद्धत. करारात यातलं काही नसेल तर तीच तुमच्या तक्रारीची पहिली ओळ. आणि कर्जदाराला कळणाऱ्या भाषेत पत्रव्यवहार करणं हेही त्या आचारसंहितेत आहे.

आपणहून विकणं हाही मार्ग आहे

हे लोकांना कोणी सांगत नाही, म्हणून आकड्यांनिशी लिहितो. समजा एकूण बाकी २ लाख ८० हजार आहे. गाडी ओढून नेली, लिलावात १ लाख ९० हजार आले, उचलण्याचा खर्च आणि यार्डाचं भाडं म्हणून १५ हजार लावले. गाडी गेली आणि डोक्यावर १ लाख ५ हजार राहिले. हीच गाडी तुम्ही कंपनीची लेखी परवानगी घेऊन, स्वतः गिऱ्हाईक शोधून २ लाख ३० हजारांना विकलीत, तर बाकी ५० हजारांवर येते. हप्ते झेपणारच नाहीत हे पक्कं असेल, तर सीझरची वाट बघण्यापेक्षा हा मार्ग धरा. फक्त परवानगीशिवाय विकू नका आणि गाडी नातेवाइकाच्या गावी नेऊन लपवू नका. त्यातून फौजदारी तक्रारीला निमित्त मिळतं.

रस्त्यात अडवलं तर

गाडी सुरक्षित जागी उभी करा, इंजिन बंद करा, किल्ली स्वतःच्या हातात ठेवा. वाद घालू नका. मोबाइलवर चित्रण सुरू करा आणि तसं करत असल्याचं सांगा. मग तीन कागद मागा : ओळखपत्र, बँकेने किंवा कंपनीने त्या एजन्सीला दिलेलं अधिकारपत्र, आणि तुम्हाला पाठवलेल्या नोटिशीची प्रत. बँकेच्या वसुली एजंटाने हे तिन्ही जवळ बाळगावेत असं रिझर्व्ह बँकेच्या २००८ च्या सूचनांत आहे. एजन्सीचं नाव आधी कर्जदाराला कळवणंही त्यात आहे. कोर्टाचा किंवा लवादाचा हुकूम असल्याचं सांगितलं तर त्याची प्रत मागून तिचा फोटो घ्या.

वेळही बघा. रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाहीत. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान, नातेवाइकांना आणि ओळखीच्यांना त्रास, हे सगळं त्यात निषिद्ध आहे. त्यानंतर साधारण महिन्याभराने, सप्टेंबर २०२२ मध्ये, झारखंडच्या हजारीबागला ट्रॅक्टरच्या वसुलीदरम्यान एका गर्भवती तरुणीचा ट्रॅक्टरखाली सापडून मृत्यू झाला. रिझर्व्ह बँकेने महिंद्रा फायनान्सला बाहेरच्या एजन्सींमार्फत वसुली आणि ताबा घेणं थांबवण्याचा आदेश दिला. तो जानेवारी २०२३ मध्ये उठला. एवढ्या मोठ्या कंपनीचं काम असं थांबवता येतं, तर तुमच्या तक्रारीलाही अर्थ आहे.

कागद दाखवत नाहीत, किंवा अंगावर येतात, तर ११२ ला फोन करा आणि पोलीस येईपर्यंत गाडीजवळच थांबा. ‘पोलीस ठाण्यात आधीच कळवलंय’ असं एजंट सांगतील, शिक्का मारलेला कागदही दाखवतील. तो शिक्का कागद मिळाल्याचा आहे, परवानगीचा नाही. पण मारामारी करू नका, गाडीखाली झोपू नका, माणसं गोळा करून एजंटांना कोंडू नका. गाडीपेक्षा तुमचा जीव मोलाचा आहे, आणि एक थप्पड तुमची सगळी बाजू उलटवते.

कागद रीतसर असतील आणि गाडी द्यायचं तुम्ही ठरवलंत, तर तो तुमचा निर्णय. तरीही ‘राजीखुशीने’ छापलेल्या कागदावर जशीच्या तशी सही करू नका. सहीच्या वर स्वतःच्या हाताने तारीख, वेळ, ठिकाण आणि ‘हरकत नोंदवून ताबा दिला’ एवढं लिहा. कोऱ्या जागा रेघ मारून बंद करा. सही नाही तर गाडीची यादीही मिळणार नाही असं म्हणाले, तर सही न करता निघून या आणि त्याच दिवशी कंपनीला ईमेल टाका.

ट्रक-ट्रेलरवाल्यांनी एक जादा काळजी घ्यायची. हथखोज, जामुल, चरोदा भागात गाडी बहुधा ड्रायव्हरच्या हातात असते, आणि सही त्याचीच घेतली जाते. ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा की कोणत्याही कागदावर सही न करता मालकाला फोन लावायचा. गाडीत माल भरलेला असेल तर बिल्टीची प्रत दाखवून माल कोणाचा आहे ते चित्रणात सांगायचं.

यार्डात गेलेली गाडी

ताबा दिला किंवा गेला की गाडीची यादी करून घ्या : मीटरवरचे किलोमीटर, टायर, स्टेपनी, बॅटरी, म्युझिक सिस्टिम, जुने ओरखडे. चारही बाजूंचे फोटो काढा. कागदपत्रं, औषधं, हत्यारपेटी, टिफिन, जे काही वैयक्तिक असेल ते काढून घ्या. राहिलेल्या वस्तूंची यादी कंपनीला लेखी द्या. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा. तो सुरू राहिला तर टोल तुमच्या खात्यातून कटत राहतो.

दुर्गच्या आरटीओला एक अर्ज द्या की अमुक तारखेला, अमुक वेळी गाडी कंपनीच्या ताब्यात गेली. आरसीवर नाव तुमचंच असतं. मधल्या काळात यार्डातून कोणी गाडी काढली आणि अपघात झाला, तर पहिली नोटीस तुमच्या पत्त्यावर येणार. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ नुसार कंपनी स्वतःच्या नावावर नवी आरसी मागू शकते, पण त्याआधी आरटीओने नोंदणीकृत मालकाला म्हणणं मांडायची संधी दिली पाहिजे. ती नोटीस पोस्टाने येते. पत्ता बदलला असेल तर ती जुन्या क्वार्टरवर जाऊन पडते, म्हणून पत्ता अद्ययावत ठेवा.

पुढचे काही दिवस फार मोलाचे. कंपनीला लेखी विचारा : गाडी सोडवायला नेमके किती भरायचे, फक्त थकबाकी की पूर्ण कर्ज, यार्डाचं भाडं कोणत्या दराने, शेवटची तारीख कोणती. उत्तर लेखीच मागा. पैसे कर्जखात्यातच भरा आणि पावती घ्या. एजंटाच्या वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयाही टाकू नका. अशा पैशाची कंपनीच्या वहीत नोंदच नसते.

लिलाव झालाच, तर तीन कागद मागायचे : विक्रीची सूचना, गाडीचं मूल्यांकन, आणि विक्रीनंतरचा अंतिम हिशोब. बाकीपेक्षा जास्त रक्कम आली असेल तर वरचे पैसे तुमचे आहेत. विक्रीची सूचनाच न देता कवडीमोलाने गाडी विकली असेल, तर ग्राहक आयोगासाठी ते बळकट प्रकरण आहे.

दाद कुठे मागायची

पोलिसांत जाताना तक्रारीचा मजकूर विचारपूर्वक लिहा. ‘माझी गाडी चोरली’ असं लिहिलंत तर बहुधा पुढे काही होत नाही. करारानुसार वित्त कंपनीने स्वतःची गाडी परत नेणं ही चोरी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या एका भाडेखरेदीच्या खटल्यात आणि पुढेही म्हटलेलं आहे. त्याऐवजी प्रत्यक्ष काय घडलं ते लिहा : अडवलं, मारलं, धमकी दिली, वस्तू नेल्या. भारतीय न्याय संहितेत अडवणुकीला कलम १२६, दुखापतीला ११५ आणि धमकीला ३५१ आहे. सुपेला, छावणी, खुर्सीपार किंवा जामुल ठाण्यात तक्रार घेतली नाही, तर दुर्गच्या पोलीस अधीक्षकांकडे पोस्टाने पाठवा; तिथेही दाद मिळाली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. ही वाट नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे.

पैशाच्या आणि वागणुकीच्या तक्रारीसाठी आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते; माहितीसाठी क्रमांक १४४४८. हेच प्रकरण कोर्टात चालू असेल तर लोकपाल हात घालत नाही, म्हणून क्रम सांभाळा.

नुकसानभरपाई हवी असेल, किंवा लिलाव तातडीने थांबवायचा असेल, तर दुर्गचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीचं कार्यालय मुंबईत असो की चेन्नईत. मुदत दोन वर्षं. अंतरिम आदेश मागायची सोय त्याच कायद्याच्या कलम ३८ मध्ये आहे, आणि तो अर्ज मूळ तक्रारीसोबतच द्यावा. पोट भरण्यासाठी स्वतः चालवत असलेला ऑटो किंवा ट्रक असेल तरी तुम्ही ग्राहकच. दहा ट्रकांचा धंदा असेल तर मात्र हा दरवाजा बंद.

दूरच्या शहरातून लवादाची इंग्रजी नोटीस आली तर ती कपाटात टाकू नका, कारण उत्तर दिलं नाही तर एकतर्फी निवाडा होतो. लवाद कंपनीने एकटीनेच नेमला असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालाच्या आधारे लेखी हरकत घ्या. चेकचंही तसंच. कर्ज थकणं हा गुन्हा नाही, पण चेक न वटणं हा परक्राम्य दस्तऐवज कायद्याच्या (एन. आय. ॲक्ट) कलम १३८ खाली गुन्हा ठरू शकतो. त्याची नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरली तर प्रकरण तिथेच थांबतं.

गाडी खासगी सावकाराकडे अडकली असेल तर वाट निराळी. भिलाईत पगारदारांची एटीएम कार्डं, कोरे चेक आणि गाड्या तारण म्हणून ठेवून घेण्याचा धंदा जुना आहे. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांताच्या काळातला १९३७ चा ऋणी संरक्षण कायदा छत्तीसगढ़मध्ये अजून लागू आहे, आणि कर्जदाराला छळणाऱ्या सावकारांवर पोलीस त्याचंच कलम ४ लावतात. ठाण्यात ‘कर्जा एक्ट’ म्हटलं की कळतं.

वकिलाची फी परवडत नसेल तर दुर्गच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० ला फोन करा. मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट सगळ्यांना नाही. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, आणि औद्योगिक कामगार यांना १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार उत्पन्न न पाहता ही मदत मिळते. ठेक्यावरचे कामगार हे विसरतात आणि रेशन कार्ड शोधत बसतात. अर्जासोबत कामगार असल्याचा पुरावा, म्हणजे गेटपास किंवा पगाराची पावती, कराराची प्रत आणि खात्याचा उतारा जोडा.